नर्मदा तांडेलची उडी

अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या त्या छोट्या कॉलेजात व्हॉलीबॉलच्या पंचासाठी उंच खुर्ची नव्हती. तिथली क्रीडाशिक्षिका नर्मदा तांडेल ताकाच्या बाटल्यांचे दोन प्लास्टिक क्रेट उलटे करून एकावर एक ठेवायची आणि त्यावर उभी राहायची. वय त्रेपन्न, अंगानं भक्कम. समुद्राचा वारा उडवतो म्हणून ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात मुलींपैकीच कुणाचे तरी जुने बूट. शिट्टी सतत दातांत. बोलायचं असलं तरी ती शिट्टी काढत नसे. त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी बारीकसं 'फुर्र' वाजायचं. आणि सुरुवातीला बहुतेकदा अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला'.

"यल्ला बेटा, हात ऊपर, हात ऊपर! फुर्र. यम्ना, लूक ॲट द बॉल, बॉलकडे बघ गो! फुर्र."

आणि जाळ्यापाशी एखादी मुलगी चेंडू मारायला झेपावली की क्रेटवर नर्मदाही उडी मारायची. इंच-दोन इंचच, पण मारायचीच. आपल्या उडीचं बळ त्या मुलीच्या पायात जातं, असा तिचा पक्का विश्वास असावा.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं सांगू शकतो, कारण दशावतारात चाळीस वर्षं मी स्त्रीपार्ट केले. बाई कशी चालते, पदर कुठल्या बोटांनी सावरते, हसू कुठे दाबते, हे पाहूनच माझं पोट भरलं. समोरचं माणूस एकदा नीट पाहिलं की ते माझ्या अंगात उतरतं. लोक याला देणगी म्हणायचे आणि मीही म्हणत आलो. आता म्हणत नाही.

बायको गेल्यावर सहा वर्षांपूर्वी मी शारजाला मुलाकडे आलो. प्रसन्नचा औद्योगिक भागात बॅनर छापण्याचा कारखाना आहे. आपल्याकडच्या लोकांनी चालवलेल्या आठ खासगी कॉलेजांनी मिळून इथं खेळांची एक संघटना काढली आहे. तिला सगळे 'कॉन्फरन्स' म्हणतात. तिचे बॅनर प्रसन्न छापतो. एका वर्षी त्यांचा निवेदक आयत्या वेळी आला नाही आणि प्रसन्न म्हणाला, "आमच्या नानांना उभं करा." मी माइक हातात घेतला. चारशे पोरं एकदम गप्प झाली. त्या दिवसापासून मी कॉन्फरन्सचा माणूस झालो. मेजवानीला बोलावणं, पहिल्या रांगेत खुर्ची, 'नानासाहेब' म्हणून हाक. पडदा पडलेल्या नटाला आणखी काय हवं? मी फुशारलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

कॉन्फरन्सचे अध्यक्ष वसंतराव. मसाल्यांचा मोठा व्यापार, गोड बोलणं, माणसं जोडण्याची हौस. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की आठाची दहा कॉलेजं करायची. अर्ज आले तीन. पहिलं दुबईचं नवं कॉलेज. त्यांचं वातानुकूलित सभागृह एवढं मोठं की त्यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. राहिली एक जागा. तिच्यासाठी एकीकडे शारजाचं एक कॉलेज होतं, ते वसंतरावांच्या व्याह्यांचं. दुसरीकडे होतं खोर फक्कान.

"खोर फक्कान लांब पडतं," असं सगळे म्हणायचे. लांब म्हणजे काय, तर डोंगरातले बोगदे ओलांडून तासभराचा रस्ता. खरं कारण वेगळं होतं. नर्मदाच्या मुलींनी आदल्या हिवाळ्यात मैत्रीपूर्ण सामन्यांत आठांपैकी तीन कॉलेजांना सरळ हरवलं होतं. ज्यांच्याकडे हॉल नाही, बस नाही, नीट गणवेशही नाही, त्यांच्याकडून दर वर्षी हरायला कोण बोलावणार? पण हे काही सभेत उठून म्हणता येत नाही. सभेत म्हणायला एक सभ्य कारण लागतं, आणि ते कुणाकडे नव्हतं.

तिन्ही कॉलेजांची पाहणी करायला दोघांची निवड झाली. एक कॉन्फरन्सचा सचिव अर्सलान, लखनौकडचा, सरळ मनाचा तरुण. दुसरा मी. "नाना तटस्थ आहेत," वसंतराव म्हणाले. म्हाताऱ्याला गाडीतून फिरायला मिळेल, असाच त्याचा अर्थ होता, आणि मला तेही चाललं.

खोर फक्कानला आम्ही दुपारी चारला पोचलो. कॉलेजच्या मागे, बंदराच्या भिंतीला लागून, उघडं मैदान. जाळं बांधायला कंटेनर आवळायचे पट्टे. रेषा पिवळ्या चिकटपट्टीच्या. दर आठवड्याला ऊन त्या उपटतं आणि दर आठवड्याला मुली त्या पुन्हा चिकटवतात. गुणफलक म्हणजे जुन्या कॅलेंडरांचे आकडे पुठ्ठ्यावर डकवलेले. भिंतीपलीकडे क्रेन करकरत होत्या.

नर्मदा क्रेटवरून उतरून आली, माझ्याकडे पाहत राहिली आणि एकदम वाकून पाया पडली.

"काकानू, तुम्ही माका ओळखूचात नाय. पण मी तुमका ओळखतंय. आमच्या देवळाच्या जत्रेत तुम्ही राणी झाल्लात. माझी आवस ढसाढसा रडलेली. मी तिका सांगलंय, गो आये, तो बाप्यो आसा! तरी तिचा रडणा थांबूक नाय."

परमुलखात, क्रेनांच्या आवाजात, वेंगुर्ल्याकडची बोली ऐकून मी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. अर्सलानला एक अक्षर कळलं नाही, पण तोही हसत होता.

मग तिनं आपली हकीकत सांगितली, तीही चहा गाळता गाळता. बाप होडीवर. शाळेत व्हॉलीबॉलमध्ये जिल्ह्यापर्यंत गेली, लग्न झालं आणि खेळ सुटला. नवरा इथल्या बंदरात नोकरीला, म्हणून ती इथं. कॉलेजात लागली ती ऑफिसात, प्रवेश-अर्ज तपासायला. एकदा खिडकीतून पाहिलं तर दोन मुली बंदराच्या भिंतीवर चेंडू आपटत उभ्या. "चुकीचा मारी होते, काकानू. माका बघवला नाय." ती खाली उतरली, ती पुन्हा पूर्णवेळ ऑफिसात गेलीच नाही. अर्ज सकाळी, मैदान संध्याकाळी. असं अकरा वर्षं. मुली कुणाच्या? बंदरातल्या कारकुनांच्या, किराणा दुकानवाल्यांच्या, ड्रायव्हरांच्या. कप्तान यम्ना नावाची उंच, अबोल मुलगी होती. तिचे वडील क्रेन चालवायचे. सर्व्हिस करण्याआधी ती भिंतीपलीकडच्या क्रेनकडे एकदा बघायची.

निघताना नर्मदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकानू, संस्थावाल्यांनी सांगलानी हा. कॉन्फरन्समदी घेतला तर टीम ऱ्हवतली. नाय घेतला तर मैदानार पार्किंग. तुम्ही माझ्यासाठी खोटा बोलू नकात. काय बघलात ताच सांगा. वाढवन नको, कमी करून नको."

"बाय, एवढंच ना?" मी म्हणालो. "दिलं वचन."

अर्सलाननं अहवाल प्रामाणिक लिहिला: सोयी कमी, संघ उत्तम, शिफारस आहे. मी खाली सही केली. सभेच्या दिवशी सकाळी तो माझ्या कानाशी लागला. "नानाजी, मैंने सबसे बात कर ली है. आठ में से पाँच हमारे हैं, इन्शाल्ला." पाच मतं म्हणजे काम झालं होतं. नर्मदाही आली होती. चहानंतर तिन्ही कॉलेजांनी दहा-दहा मिनिटं बोलायचं होतं. ती बाहेर लॉबीत मांडीवर फाइल घेऊन बसली होती. मला पाहून तिनं हात हलवला. नवा निळा सलवार-कमीज, ओढणी नीट पिन लावून खांद्यावर.

आता चहाची वेळ. दार बंद, आत आम्ही बारा-तेरा जण. समोसे आले, गप्पा सुरू झाल्या. वसंतरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"काय नानासाहेब, खोर फक्कानला काय पाहिलंत? अर्सलानचा कागद वाचला आम्ही. कागदात मजा नाही राव. तुम्ही करून दाखवा की!"

"आता काय करून दाखवू?"

"ते तुम्हाला सांगायला हवं? म्हणे तिथल्या मॅडम क्रेटवर चढतात!"

दोघे-तिघे हसले. बारा चेहरे माझ्याकडे वळले. अशा वळलेल्या चेहऱ्यांसाठी मी आयुष्यभर जगलो आहे. मला तेव्हा वचन आठवलं नाही असं म्हटलं तर सोपं जाईल. पण आठवलं होतं. प्रेमानंच करतोय, असं मी मनाशी म्हणालो. नट असंच म्हणतो.

मी टेबलावरची चादर ओढली, कमरेला गाठ मारली. चमचा दातांत धरला. खुर्चीवर चढलो; सत्त्याहत्तराव्या वर्षी चढलो, दोघांनी हात धरून चढवलं. आणि नर्मदा झालो.

"यल्ला बेटा, हात ऊपर! फुर्र. लूक ॲट द बॉल गो! फुर्र."

हशा फुटला. मग मी उडी मारली. खुर्चीवरच, इंचभर, दोन्ही ढोपरं जुळवून, सगळं अंग हलवून, जसा जत्रेत विनोदी पार्टाला टाळी घ्यायला मारायचो तशी. एक जण टेबलावर हात आपटू लागला. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वन्स मोअर!" वसंतराव ओरडले. मी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा थोडं वाढवलं. तिसऱ्यांदा आणखी. अर्सलान तेवढा हसत नव्हता. तो आपल्या कागदांकडे बघत होता.

चादर सोडली, घाम पुसला, खुर्चीत बसलो. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि नर्मदा आत आली.

ती फाइल उघडून उभी राहिली. "गुड आफ्टरनून सर, मॅडम," म्हणाली. सगळे गंभीर. मग ती मुलींबद्दल बोलू लागली, आणि बोलता बोलता आपोआप तिचा हात वर गेला. "आय टेल देम, हात ऊपर..." एवढंच. कोपऱ्यातून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. दुसऱ्यानं रुमाल तोंडाला लावला. नर्मदा थांबली, हसली, तिला वाटलं लोकांना आवडलं. तिनं जोरात पुढचं वाक्य घेतलं: "अँड देन आय से, यल्ला बेटा..." आणि सबंध खोली फुटली.

चाळीस वर्षांत मी पुष्कळ फजित्या पाहिल्या. मिशी गळलेली, तलवार मोडलेली, राणीचं लुगडं सुटलेलं. हे असं कधी पाहिलं नव्हतं. सोंग आधी येऊन गेलं होतं आणि मागून खरं माणूस आलं, तर लोकांना तेच सोंग वाटलं. तिचा प्रत्येक खरा हात, खरा शब्द मी आधीच वापरून टाकला होता. तिला उरलंच नव्हतं काही.

तिनं एकदा आपल्या ओढणीकडे पाहिलं, कपड्यांकडे पाहिलं, चेहऱ्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात बघत होतो. दहा मिनिटांचं भाषण तिनं तीन मिनिटांत आवरलं. "थँक यू," म्हणाली आणि गेली.

मतं मोजली. दोन बाजूनं, सहा विरुद्ध. पाचांचे दोन झाले होते. ज्यांनी फितुरी केली त्यांतला एक माझ्यापाशी येऊन म्हणाला, "नाना, बाई भली आहे हो. पण कॉन्फरन्सला थोडी डिग्निटी पाहिजे ना." सभ्य कारण सापडलं होतं. मी ते खुर्चीवर चढून मिळवून दिलं होतं.

लिफ्टपाशी नर्मदा उभी होती.

"काकानू," तिनं विचारलं, "माझा काय चुकला?"

"काही नाही गो बाय. लोक कंटाळलेले होते. दुपारची वेळ."

"मी कायतरी वायट दिसत होतंय?"

"नाही नाही. राजकारण आहे हे सगळं," मी म्हणालो. ते खरंही होतं, म्हणून आणखीच वाईट. ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून धीर आसलो," आणि बसस्टॉपकडे गेली.

घरी जेवताना प्रसन्ननं सगळ्यांना सांगितलं की नानांनी आज सभा गाजवली. त्याला वसंतरावांचा फोन आला होता. सूनबाई पर्णिका म्हणाली, "काय केलंत बाबा? आम्हालाही दाखवा." मी नको म्हटलं. नातीनं, केयानं, सगळं खोदून खोदून विचारलं. चौदा वर्षांची आहे; मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. सगळं ऐकून तिनं काटा खाली ठेवला.

"आजोबा, वॉज शी फनी? ऑर वर यू फनी?"

मी ताट घेऊन उठलो.

वसंतरावांना दोष देऊन मोकळं व्हावं असं खूप वाटलं. त्यांनी मुद्दामच ती वेळ साधली असेल. पण त्यांनी फार तर पडदा ओढला. उभा मी राहिलो होतो. मी आठही कॉलेजांना पत्र लिहिलं: त्या दिवशी मी जे दाखवलं ते खरं नव्हतं, ते टाळीसाठी वाढवलेलं होतं, कृपा करून मत पुन्हा घ्या. चार ओळींचं पत्र लिहायला तीन दिवस लागले. वसंतरावांचा फोन आला. "अहो नाना, किती मनाला लावून घेता! खलास झालं ते. पुढचे अर्ज तीन वर्षांनी. आणि डिसेंबरच्या स्पर्धेला माइक तुमच्याच हातात आहे बरं का."

"डिसेंबरला मी नाही," मी म्हणालो. त्यांना वाटलं, प्रकृतीचं काहीतरी.

मग एक दिवस मी अर्सलानला विनंती केली आणि आम्ही दोघे पुन्हा बोगदे ओलांडून गेलो.

मैदानाच्या एका अर्ध्यात पांढऱ्या रंगानं गाड्यांचे चौकोन आखून झाले होते. दुसऱ्या अर्ध्यात जाळं अजून उभं होतं. एक तारखेपासून सगळं पार्किंग. मुली दोन गट करून शेवटचा सामना खेळणार होत्या. नर्मदा क्रेट मांडत होती. मला पाहून ती हसली, आणि त्या हसण्यानं मला बोलणं आणखी अवघड झालं.

"नर्मदा, तू आत यायच्या आधी मी तुझी नक्कल केली होती. सगळ्यांपुढे. म्हणून ते हसले. तुझं काही चुकलं नव्हतं."

हातातली चिकटपट्टी तिनं गोल गोल गुंडाळली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"काय केलात ता. माका दाखवा."

"बाय, नको..."

"तेंका दाखवलात, मगे माका दाखवूक काय झाला?"

मुली थांबल्या होत्या. अर्सलान लांब गेला. मी ओढणी मागितली. तिनं आपली सोडून दिली. मी कमरेला गाठ मारली. क्रेटवर चढायला यम्नानं हात दिला. मी "यल्ला बेटा" म्हटलं, "फुर्र" केलं. कुणी हसलं नाही. मग ढोपरं जुळवून ती उडी मारली. क्रेट करकरले. यम्ना दुसरीकडे बघू लागली.

नर्मदानं अगदी लक्ष देऊन पाहिलं, एखाद्या नव्या मुलीची सर्व्हिस बघावी तसं.

"अशी न्हय," ती शेवटी म्हणाली. "मी डाव्या पायार उडी मारतंय. उजवो गुडघो माझो कधीच गेलो. जिल्ह्याच्या म्याचीत. तुमका दिसूक नाय?"

नाही. चाळीस वर्षं बाया पाहून त्यांचं सोंग काढणाऱ्या मला दिसलं नव्हतं. मोडलेल्या गुडघ्यानं ती अकरा वर्षं त्या मुलींबरोबर उडत होती, आणि मला फक्त हशा मिळेल तेवढीच उडी दिसली होती.

मी क्रेटवरून उतरलो. माफी मागायला हात जोडले. तिनं ओढणी परत घेतली, गाठ मारली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माफही केलं नाही. कॅलेंडरच्या आकड्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

"गुण सांगाक माणूस नाय आज. उभे ऱ्हवा थय."

शिट्टी वाजली. यम्नानं क्रेनकडे एकदा बघितलं आणि सर्व्हिस केली. मी पुठ्ठे उलटत राहिलो. एक-शून्य. एक-एक. दोन-एक. क्रेटवर नर्मदा उडत होती, डाव्या पायावर. आता ते इतकं स्पष्ट दिसत होतं की पाहवेना. जाळ्यापाशी मुली झेपावत होत्या, कशासाठीच नसलेल्या गुणांसाठी, जीव तोडून. चारशे पोरांना गप्प करणारा माझा आवाज दहा हातांवर पोचत नव्हता.

क्रेटवरून हाक आली, शिट्टी दातांत धरूनच:

"मोठ्यान सांगा, काकानू. पाठच्यांका आयकाक येवक व्हया. फुर्र."

पाठीमागे कुणी नव्हतं. बंदराची भिंत होती आणि आखलेले चौकोन होते. मी छाती भरून श्वास घेतला आणि भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सोळा-चौदा."